बोडार्कचं धनुष्य आणि त्यावर सापाची कातडी (मोठा धागा आहे, चहा घेऊन बसा)

रिकामा_सुतार | १४ मार्च

मागच्या वर्षी 'गॅरेजमध्ये काय उद्योग करता' या धाग्यावर मी एका ओळीत लिहिलं होतं, की लाकडाचं धनुष्य करतोय. तिघांनी सविस्तर लिहा म्हटलं, मी 'लिहितो' म्हणालो आणि गायब झालो. परवा धनुष्य झालं, कातडीही चिकटवली. म्हणून आता तोंड दाखवतोय.

मी टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला राहतो. आमच्या मागच्या ओढ्याकाठी काटेरी, वेड्यावाकड्या झाडांची रांग आहे. पावसाळा नाही, पण ऑक्टोबर आला की त्यांच्याखाली हिरव्या, खडबडीत, मेंदूसारख्या वळ्या असलेल्या फळांचा सडा पडतो. चेंडूएवढी फळं, कुणी खात नाही. पहिल्यांदा एक कापलं तर पांढरा चीक हाताला असा चिकटला की थेट फणसाची आठवण. खोबरेल लावून काढला. नंतर शोधलं तर खरंच फणसाच्याच कुळातलं झाड निघालं: वड, उंबर, तुती आणि हे, सगळे भाऊबंद. लाकूडही फणसासारखंच पिवळं जर्द, आणि उन्हात राहिलं की तसंच तांबूस-तपकिरी होत जातं.

इथले लोक याला बोडार्क म्हणतात. फ्रेंच व्यापाऱ्यांनी 'ब्वा दार्क' म्हटलं, म्हणजे धनुष्याचं लाकूड, त्याचा टेक्सासी अपभ्रंश. पुस्तकी नाव ओसेज ऑरेंज, ते ओसेज या मूळ अमेरिकी जमातीवरून. झाडाचा मूळ मुलूख फार थोडा, रेड नदीच्या आसपासचा टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा. पण धनुष्यासाठी त्याची मागणी फार लांबून असे. मेरिवेदर लुईसने १८०४ साली, पश्चिमेच्या शोधमोहिमेवर निघायच्या आधी, सेंट लुईसहून राष्ट्राध्यक्ष जेफर्सनला याच्या फांद्या पाठवल्या होत्या. पुढे शेतकऱ्यांनी कुंपणाला लावलं. १८७४ नंतर काटेरी तार आली आणि कुंपणं मागे पडली, झाडं राहिली. वाळवी लागत नाही, लवकर कुजत नाही. डॅलसच्या जुन्या लाकडी घरांखाली याचेच ओंडके खांब म्हणून पुरलेले आहेत.

ओंडका मला शेजारच्या म्हाताऱ्यांनी दिला. हिवाळ्यात तोडलेला, सहा फुटी. करवतीने कापायचा नाही, पाचरी ठोकून फाडायचा. करवत स्वतःच्या रेषेत जाते, पाचर लाकडाच्या. चार फाळके निघाले. टोकांना लाखेचा जाड थर दिला, नाहीतर टोकांकडून सुकून चिरा पडतात. मग दोन वर्षं गॅरेजच्या आढ्याला.

आता खरं काम. धनुष्याची पाठ (लक्ष्याकडची बाजू) ताणली जाते आणि पोट (आपल्याकडची) दाबलं जातं. लाकडाला दाब सोसतो, ताण मात्र तुटलेल्या धाग्यावर सोसत नाही. म्हणून पाठीवर एकच वर्षवलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवायचं. साल काढा, खालचं पांढरं लाकूड काढा, पिवळा गाभा लागला की एक जाडसर वलय निवडा आणि त्याच्या वरचं सगळं दोन मुठींच्या सुरीने ओढून काढा. दोन वलयांमध्ये वसंतातल्या वाढीचा सच्छिद्र, भुसभुशीत थर असतो. सुरी त्यात शिरली की आवाज बदलतो, कुरकुरीत होतो. तो आवाज आला की थांबायचं. वलय वर गेलं की सुरीने वर जायचं, गाठीभोवती वळसा घेतला की आपणही घ्यायचा. चार संध्याकाळी नुसत्या यात गेल्या. एका गाठीपाशी हात जरा खोल गेला आणि खालचं वलय दिसलं, पण अगदी थोडं. म्हटलं, वर कातडी येणारच आहे, झाकलं जाईल.

माप: खाचेपासून खाचेपर्यंत (दोरी अडकते त्या टोकाच्या खाचा) ६६ इंच, मधल्या मुठीजवळ रुंदी दीड इंच, टोकाशी अर्धा. २८ इंच ओढल्यावर ४५ पौंड. कातडीचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, बायको हाक मारतेय.

आद्य_आळशी | १४ मार्च

फोटो?

रिकामा_सुतार | १४ मार्च

चढत नाहीयेत. आकार मोठा आहे म्हणतं.

तोरणमाळ | १४ मार्च

वाचून मजा आली. आमच्याकडे सातपुड्यात भिल्ल-पावरा लोकांचं धनुष्य बांबूचं, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच कातेची. भरीव बांबूचा पक्का वासा उभा चिरायचा. वरची चकचकीत बाजू म्हणजे तुमची पाठ, तिला कधी हात लावायचा नाही, तासायचं ते आतून. तुम्ही चार संध्याकाळी जे वलय शोधत बसलात ते बांबूला देवाने आयतंच दिलंय. होळीला काठी गावात या, शेकड्याने बघायला मिळतील. आमच्याकडे कामठी म्हणतात, तुमच्याकडे तिरकमठा म्हणत असतील.

सापाची कातडी मात्र कुणी लावताना पाहिली नाही.

शाळामास्तर | १५ मार्च

कौटिल्याने धनुष्याचे प्रकार ते कशाचं केलंय यावरूनच मोजलेत: ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. कार्मुक, कोदंड, द्रूण आणि धनू. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि स्नायू ही नावं येतात. म्हणजे तोरणमाळ सांगतात ती बांबूची दोरी अर्थशास्त्रातही आहे.

मुग्धा_ओहायो | १५ मार्च

रिकामा, 'अगदी थोडं' वलय ओलांडलंय हे वाक्य मला टोचतंय. आम्ही इकडे हिकरी (इथलं एक झाड) वापरतो. तिला वलय शोधावं लागत नाही, सालीखालची पाठ तशीच ठेवतात, त्यामुळे तुझ्या त्या चार संध्याकाळींचा मला अनुभव नाही. पण ओलांडलेल्या वलयाच्या कडेवरच सल उठते, हे दोनदा पाहिलंय. कातडीने झाकायच्या आधी तिथे पातळ सरस (कातड्या-हाडांचा गोंद) आणि दोऱ्याचे वेढे तरी दे.

रिकामा_सुतार | १५ मार्च

मुग्धा, २८ इंचांपर्यंत पन्नासेक वेळा ओढून झालंय. काही नाही झालं. कातडी तर चिकटूनही झाली. :)

तर कातडी. आधी गैरसमज काढतो, कारण मलाही होता: सापाच्या कातडीने धनुष्याला जोर येत नाही. जनावराच्या पायाच्या किंवा पाठीच्या शिरा (म्हणजे कंडरा, रक्ताच्या शिरा नव्हेत) कुटून, धागे काढून, सरसात भिजवून पाठीवर बसवल्या तर जोर येतो. सुकताना त्या आकसतात आणि पाठ आवळून धरतात. कॅलिफोर्नियातल्या 'याही' नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, इशी, १९११ मध्ये ओरोव्हिल गावात सापडला. त्याची धनुष्यं जुनिपर लाकडाची आणि पाठीवर शिरा अशीच होती. त्याच्याकडून सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर हे सगळं शिकला, आणि आज अमेरिकेत हौशी लोक गॅरेजमध्ये धनुष्यं करतात त्यातलं बरंच तिथून आलंय. शिरांवरचा सरस दमट हवेत सैल पडतो, म्हणून काही जण वरून सापाची कातडी चढवत. पातळ, खवल्यांची, पाणी चटकन आत न घेणारी. नुसत्या लाकडावर मी चढवली ती निव्वळ शोभा. आणि थोडं मिरवणं.

कातडी दोन लागतात, प्रत्येक बाहूला (मुठीच्या दोन्हीकडचा वाकणारा भाग) एक, डोक्याकडची रुंद बाजू मुठीशी आणि शेपटी टोकाला. म्हणजे खवले टोकाकडे झुकतात आणि बोट मुठीपासून टोकाकडे फिरवलं की अडत नाही. मी डायमंडबॅक रॅटलस्नेकची (शेपटी खुळखुळवणारा इथला विषारी साप) घेतली. कमावलेली घेऊ नये, तेल असतं, चिकटत नाही. कच्ची, ताणून वाळवलेली घ्यायची. कोमट पाण्यात भिजवली की वीसेक मिनिटांत ओल्या फडक्यासारखी मऊ होते. आतल्या बाजूचे मांसाचे तुकडे, पांढरा पापुद्रा बोथट सुरीने खरवडून काढा. पाठीवरचा तेलकटपणा पुसून घ्या, सरसाचा एक पातळ हात आधी द्या आणि सुकू द्या, मग दुसरा हात, आणि त्यावर कातडी. मधली रेघ पाठीच्या मध्यावर. अंगठ्याने मुठीकडून टोकाकडे हवा ढकलत न्यायची. बुडबुडा राहिला तर टाचणी टोचून दाबायचा. कडा दोन्हीकडे लोंबत ठेवा, आत्ता कापू नका. वाळल्यावर कानस वरून खाली अशीच चालवली की कड आपोआप सुटते, सुरीने कापली तर उचकटते.

सरस वापरला तो इथल्या ओसरीकाकांमुळे. जुन्या धाग्यावर त्यांनी सांगितलं होतं, हल्लीचे जलरोधक गोंद वापरू नकोस, पुढे काढता येत नाही.

ओसरी | १६ मार्च

वाचून बरं वाटलं रे. आमच्या आळीत सुताराकडे डब्यात डबा ठेवून सरस उकळायचा, वास गल्लीभर. उघड्या आचेवर कधी ठेवू नये, जळला की चिकटपणा गेला. गरम असेतो हात चालव, थंड झाला की थांब. आणि सरसाने जोडलेली खुर्ची पन्नास वर्षांनी ओल्या फडक्याने सुटते, मोडत नाही. हा त्याचा गुण लोक दोष समजतात.

रानजाई | १६ मार्च

माफ करा, पण मला हे वाचताना मळमळलं. शोभेसाठी दोन साप? आणि आपण नागाला दूध-लाह्या वाहणारे.

कोर्टकचेरी | १६ मार्च

रानजाई, दूधही पाजू नये, ते सापाचं अन्नच नाही.

कायद्याचं सांगतो, कारण इथे कुणीतरी 'भारतात कुठे मिळेल' विचारणारच. मिळणार नाही आणि शोधूही नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. अजगर, घोरपड पहिल्या अनुसूचीत, इतरही बरेच साप संरक्षित. मारणं सोडाच, कातडी विकत घेणं आणि जवळ ठेवणं गुन्हा. एके काळी आपल्याकडून सापाच्या कातड्यांचा मोठा व्यापार होता. तामिळनाडूत इरुला लोक त्यावरच जगायचे. व्यापार बंद झाल्यावर १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था झाली. आता ते साप पकडतात, विष काढतात आणि सोडतात. प्रतिविषासाठी ते विष लागतं. पकडण्याचं कसब तेच, साप जिवंत राहतो.

खंजिरीचंही तेच. जुन्या खंजिऱ्या घोरपडीच्या कातड्याच्या, आता शेळीच्या कातड्यावर भागवतात. रिकामा, हे धनुष्य सुट्टीत मिरवायला भारतात आणू नका. विमानतळावर लांबच लांब गोष्ट होईल.

रिकामा_सुतार | १७ मार्च

रानजाई, तुमचा राग समजतो. आईनेही व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न तोच विचारला, "साप तू मारलास?" नाही मारला. परवानाधारक दुकानातून पावतीसकट घेतली. इथे डायमंडबॅक भरपूर आहेत आणि त्यांच्या शिकारीला परवानगी आहे. 

पण खरं सांगतो, पावती असली तरी तो साप कुठून आला हे मला माहीत नाही. पश्चिमेला स्वीटवॉटर नावाचं गाव आहे, तिथे १९५८ पासून दर मार्चमध्ये हजारो रॅटलस्नेक पकडून जत्रा भरवतात. एकदा गेलो होतो, तासाभरात परत फिरलो. माझी कातडी तिथलीच असू शकते.

आद्य_आळशी | १७ मार्च

फोटो??

रिकामा_सुतार | ६ एप्रिल

मोडलं.

सविस्तर नंतर.

मुग्धा_ओहायो | ६ एप्रिल

अरेरे. लागलं का कुठे?

रिकामा_सुतार | ८ एप्रिल

लागलं नाही. कानाजवळून तुकडा गेला आणि गॅरेजच्या छताला खोक पाडली. बायकोने फक्त छताकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

मुग्धा, तू बरोबर होतीस, ते लिहूनच टाकतो. खालच्या बाहूला मुठीपासून साधारण नऊ इंचांवर ती गाठ होती. मोडलेला भाग बघितल्यावर कळलं, की वलय ओलांडलेल्या कडेवरून सल आधीच उठलेली होती. तिच्या फटीत सरस मुरून वाळलेला दिसला. म्हणजे कातडी चिकटवली तेव्हाच ती होती. पन्नास वेळा ओढलं त्यातच कधीतरी उठली, आणि मी कातडी लावायच्या घाईत पाठीवरून बोट फिरवून बघितलं नाही. नुसती पाठ असती तर नखाला लागली असती. एक दिवस आधी ओढताना बारीक 'टिक्' ऐकू आलं होतं. मला वाटलं, मुठीचं चामडं वाजलं.

दुसरा फाळका आढ्याला आहे. पण आता नवीन कातडी घेणार नाही.

ओसरी | ८ एप्रिल

घ्यायची गरजच नाही. वर लाखेचा हात दिलास का?

रिकामा_सुतार | ८ एप्रिल

नाही काका. आठवडाभर तीर मारून मगच पॉलिश करणार होतो.

ओसरी | ९ एप्रिल

मग ओलं फडकं गुंडाळून ठेव. कोमट पाण्याचं, कढत नको, कढत पाण्यात कातडं आकसून चुरगळतं. धीर धर. सरस सुटेल.

रिकामा_सुतार | ११ एप्रिल

सुटली! वरच्या बाहूची अख्खी, खालची मोडलेल्या जागी आडवी फाटलेली. दोन्ही पाटीवर ताणून वाळत घातल्यात. काका, साष्टांग नमस्कार.

तोरणमाळ | ११ एप्रिल

वा. आता घाई करू नका. आमच्याकडचे म्हातारे सांगतात, कामठीला रोज थोडं वाकवायचं, एका दिवसात शिकवायचं नाही.

रिकामा_सुतार | २ ऑगस्ट

धागा वर काढतोय.

दुसरं झालं. या वेळी वलय मिळायला सहा संध्याकाळी लागल्या. गाठ याही फाळक्यात होती, तिच्याभोवती मुद्दाम लाकूड जास्त ठेवलं. दिसायला तिथे बाहू फुगलेला दिसतो, काहीतरी गिळून बसलेल्या सापासारखा. राहू दे.

सगळ्यात जास्त वेळ बाहू समान वाकवण्यात गेला, आणि मागच्या वेळी मी याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं, यावरूनच माझी अक्कल कळते. भिंतीला एक खुंटी, खुंटीवर धनुष्याची मूठ, खाचांना लांब सैल दोरी, दोरी कप्पीतून खाली आणि तिला वजनाचा काटा. दूर उभं राहून दोरी ओढायची आणि बाहू कसे वाकतात ते बघायचं. जिथे वाकत नाही तिथे पेन्सिलीची खूण, आणि फक्त तिथे पोटाकडून खरवडायचं. जिथे जास्त वाकतं तिथे काहीच करता येत नाही, लाकूड परत घालता येत नाही. म्हणून बाकी सगळं त्याच्या बरोबरीला आणायचं. खरवडल्यावर तीसेक वेळा हलकेच ओढून लाकडाला बदल कळू द्यायचा, मग परत बघायचं. आणि ठरवलेल्या वजनाच्या वर कधीही ओढायचं नाही, मग ते दहा इंचांवर का भरेना. सुरुवातीला ४५ पौंड १४ इंचांवरच भरले. तिथून २८ पर्यंत यायला पाच आठवडे. खरवडायला शेवटी सुरी नको, फुटक्या काचेची कड बरी पडते. लाकडाचा केसासारखा भुगा निघतो आणि गॅरेजभर पिवळी धूळ. (मास्क लावा.)

दोरी उतरवल्यावर धनुष्य सव्वा इंच वाकलेलं राहतं. पहिलं अडीच इंच राहायचं. तेव्हाच समजायला हवं होतं.

पूर्ण झाल्यावर महिनाभर कातडी न लावता ठेवलं आणि रोज तीर मारले. रोज पाठीवरून कापसाचा बोळा फिरवला. सल असती तर कापूस अडकला असता. अडकला नाही. मग कातडी.

ती चिकटवली नागपंचमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी कडा घासायच्या होत्या, पण आई म्हणाली, "आज चिरणं-कापणं नाही, आणि सापाला तर नाहीच." मी म्हटलं कानस म्हणजे कापणं नव्हे. तिने फोन ठेवला. मग एक दिवस थांबलो. खरं तर फायदाच झाला, सरस पूर्ण वाळला आणि कड एका हाताने सुटली. फाटलेल्या जागी चौकटीची नक्षी जुळवून जोड दिला आणि वर लाल रेशमी दोऱ्याचे वेढे. जवळून बघितलं तर जोड दिसतो. खवल्यांवरचा पापुद्रा चिकटपट्टीने ओढून काढला, नाहीतर तो पुढे पॉलिशसकट सुटतो. मग लाखेचे सहा पातळ हात.

मुग्धा_ओहायो | २ ऑगस्ट

सव्वा इंच म्हणजे उत्तम. एक सूचना: तीर न लावता ओढून कधी सोडू नकोस, आणि पाहुण्यांच्या पोरांच्या हाती देऊ नकोस. पोरं तेच आधी करतात.

रानजाई | ३ ऑगस्ट

आईंना नमस्कार सांगा. मला अजूनही आवडलेलं नाही, पण तेच दोन साप परत वापरलेत हे वाचून बरं वाटलं.

शाळामास्तर | ३ ऑगस्ट

दोरी कशाची?

रिकामा_सुतार | ३ ऑगस्ट

पॉलिस्टरची, मेण लावून वळलेली. तागाची करून बघायची इच्छा आहे, पण तागाचे धागे इकडे चांगले मिळत नाहीत. तोरणमाळ, बांबूची दोरी कशी वळतात ते एकदा सविस्तर लिहा ना, वेगळा धागा काढा.

तोरणमाळ | ४ ऑगस्ट

वळत नाहीत, चिरतात. लिहितो. (तुमच्यासारखा वर्षभराने नाही.)

आद्य_आळशी | ४ ऑगस्ट

फोटो???

आणि पहिल्याच्या तुकड्यांचं काय केलंत?

रिकामा_सुतार | ४ ऑगस्ट

फोटो मुलगी लहान करून देणार आहे, शनिवारी.

वरच्या बाहूचं उलथनं केलं. बायको त्याने पिठलं ढवळते. छताची खोक अजून बुजवलेली नाही.